माशांवर आळ कशाला?

महोदय,

धरणात किंवा नदीत पोहणारा तरुण बुडाला की ‘मोठ्या माशाने खाली ओढले’ अशी कुजबुज हल्ली व्हॉट्सॲपवर लगेच सुरू होते आणि कधी कधी ती बातमीतही उतरते. पूर्वी हाच दोष डोहातल्या साती आसरांच्या माथी जात असे.

या समजाला अलीकडे जोर आला तो जर्मनीतील ब्रोमबाखझे तलावावरच्या घटनेमुळे. जून २०२५ मध्ये तेथे सुमारे दोन मीटर लांबीच्या आणि ९० किलो वजनाच्या वेल्स जातीच्या माशाने पोहणाऱ्या काही जणांना चावे घेतले व अखेर पोलिसांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. जखमा किरकोळ होत्या, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगितले नाही. हा मासा भक्ष्याचे लचके तोडत नाही; जबडा एकदम उघडून ते पाण्यासकट आत खेचतो आणि अख्खे गिळतो. त्याचे दात कानशीसारखे बारीक असल्याने माणसाची कातडी खरचटते, इतकेच. शिवाय विणीच्या दिवसांत नर अंड्यांची राखण करतो आणि जवळ येणाऱ्याच्या अंगावर जातो.

आपल्याकडच्या खडस म्हणजे महाशीर माशाच्या जबड्यात तर दातच नसतात. ते घशात असतात व शंख-शिंपले फोडण्याच्या कामी येतात. महाडजवळ वाळणकोंडीत लोक देवीचे मासे म्हणून त्यांना श्रद्धेने खाऊ घालतात. नदीतल्या शिवडा माशाचे तोंड मोठे व दातेरी असते हे खरे. पण तोही भक्ष्य गिळणाराच, त्यामुळे माणूस त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. शिंगाळा माशाचा काटा जाळ्यातून मासा सोडवणाऱ्या हाताला लागतो, पोहणाऱ्याला सहसा नाही. उत्तराखंड-नेपाळ सीमेवरील काली नदीत गूंच मासा माणसे ओढून नेतो, या कथाही आजवर सिद्ध झालेल्या नाहीत.

मग माणसे बुडतात कशाने? वाळू उपशाने नदीच्या तळाशी पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून चालणारा पुढच्याच पावलाला पुरुषभर खोल जातो. दुसरा धोका तंगूसाच्या, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याच्या, जाळ्यांचा आहे. गढूळ पाण्यात तो धागा नजरेला दिसत नाही, पायाला मात्र लागतो, आणि घाबरून पाय झाडले की फास आणखी आवळतो. ‘काहीतरी पाय ओढत होते’ असे वाचलेले लोक सांगतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असावे, असे मला वाटते. त्यामुळे शोधकार्यासाठी उतरणाऱ्या पाणबुड्याच्या कमरेला धारदार सुरी असायलाच हवी. धरणाच्या दरवाजांजवळची ओढ आणि अंगात असलेली दारू यांविषयी वेगळे काय सांगावे? आणि पाण्यातल्या प्राण्यालाच भ्यायचे असेल, तर सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत. त्यांची भीती रास्त आहे.

माशांची बदनामी निरुपद्रवी नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. डोहात जिलेटिनचा स्फोट करून मासे मारणाऱ्यांना अशा अफवांनी आयतेच निमित्त मिळते आणि खड्डे खणणारे नामानिराळे राहतात. आपल्या वार्ताहरांनी बुडीताची बातमी देताना त्या ठिकाणी वाळू उपसा झाला होता का, जाळी लावलेली होती का आणि धरणातून विसर्ग सुरू होता का, एवढी चौकशी करून ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा