खिडकीच्या आधी पाण्याची वाट

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानून झाले, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. शिवाय इकडे कॅनडात, टोरंटोजवळच्या मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनकडे आपली कितीतरी माणसं आई-वडिलांसाठी बेसमेंट (घराखालचं तळघर) राहण्याजोगं करून घेताहेत. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते त्यांनाही कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

16 जुलै 2024 ला टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावर जवळपास 98 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी आमच्या बेसमेंटच्या मागच्या खिडकीबाहेरचा, उजेडासाठी ठेवलेला खड्डा हौदासारखा भरला आणि पाणी चौकटीतून थेट कार्पेटवर आलं. साताऱ्याहून सासू-सासरे कायमचे यायचे होते, ते याच खोलीत राहायला. कंत्राटदार म्हणाला, मोठी खिडकी बसवू, खड्ड्यात फूटभर खडी टाकू, काम झालं. आम्ही ॲडव्हान्स देणारच होतो.

तुम्ही आलात आणि आधी वर पन्हळीकडे बघितलंत. मग जुन्या बिलाच्या पाठीवर हिशोब मांडलात: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. मागचं छप्पर 50 चौरस मीटर धरलं तर त्या दिवशीचं पाणी 4,900 लिटर. आणि पन्हळीचा पाईप सुटत होता खिडकीपासून हातभर अंतरावर! नंतर गाडीतून ती पारदर्शक लेव्हल नळी (पाणी भरून उंचसखलपणा बघायची) काढलीत. एक टोक भिंतीशी मी धरलं, दुसरं कुंपणाकडे तुम्ही. जमिनीचा उतार घराकडेच निघाला. इतकी वर्षं तिथे वावरूनही आमच्या ते लक्षात आलं नव्हतं.

खड्ड्यात पाण्याचा पाईप सोडून तुम्ही अर्धा तास नुसते बघत उभे राहिलात. पाणी हलेना. खाली चिकण माती, ती पिणार तरी किती? नुसती खडी टाकली असती तर खडीच बुडाली असती. म्हणून खड्ड्याच्या तळातून चार इंची उभा पाईप घराच्या पायाच्या कडेच्या वीपिंग टाइलपर्यंत (पाणी वाहून नेणाऱ्या छिद्रांच्या पाईपपर्यंत) न्यायचा, तिथून पाणी सम्पमध्ये, म्हणजे पंप बसवलेल्या खळग्यात, आणि पंपाला बॅटरी, कारण वादळात वीज आधी जाते, हे सगळं तुम्ही सुचवलंत. मोठ्या खिडकीसाठी खड्डा खोल केला की घराच्या पायावरची माती कमी होते आणि इकडे गारठा जमिनीत चार फूट उतरतो, म्हणून तळाशी फोमच्या लाद्या घालायला लावल्यात. हे आम्हाला दुसऱ्या कुणीच सांगितलं नव्हतं.

उजेडाचा विचार मात्र तुम्ही जमिनीवर बसून केलात. बाबांच्या खुर्चीच्या उंचीवर डोळे नेऊन म्हणालात, ‘इथून आकाश दिसलं पाहिजे.’ आग लागली तर खिडकीतून बाहेर पडता यावं म्हणून तिच्यासमोर किमान 550 मिलिमीटर मोकळी जागा नियमाने लागतेच. तुम्ही ती दुप्पट ठेवायला लावलीत, बागेकडची बाजू पायऱ्यांची केलीत आणि आतून पांढरा रंग दिलात. आता दुपारी बाबा दिवा न लावता पेपर वाचतात. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं बाहेर जाणं कमी झालंय, त्यामुळे या उजेडाचं मोल आम्हालाच ठाऊक.

गटाराचं पाणी उलटं येऊ नये म्हणून बसवलेल्या बॅकवॉटर व्हॉल्व्हबद्दल तुम्ही बजावलंत, तेही वरच्या बाथरूममध्ये लिहून लावलंय: तो मिटलेला असताना घरात पाणी सोडायचं नाही, नाहीतर आपलंच पाणी आपल्या बेसमेंटमध्ये साठेल. मोठा पाऊस सुरू झाला की आई आधी वॉशिंग मशीन बंद करतात.

ऑक्टोबरात मेपलची पानं पडली की खड्डा साफ करायचा, हे काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. ते वरून काठीला बांधलेल्या चिमट्याने पानं उचलतात.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. काकू म्हणाल्या, पुरणपोळी चालेल. तेव्हा या रविवारी आम्ही चौघं येतोय. तुमची लेव्हल नळी आमच्याकडेच राहिली आहे, तीही घेऊन येते.

आपली नम्र,
मागच्या गल्लीतली सूनबाई