‘सर्व्हर डाउन’मागचे बोलणे कागदावर यावे

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

‘सर्व्हर डाउन असल्याने कामकाज ठप्प’ ही ओळ वृत्तपत्रांत अधूनमधून वाचायला मिळते. दाखले असोत, दस्तनोंदणी असो, प्रवेशप्रक्रिया असो वा बँकेचे व्यवहार. बातमीत रांगेतल्या लोकांचे हाल येतात, ‘तांत्रिक अडचण’ एवढे उत्तर येते आणि यंत्रणा सुरू झाली की विषय संपतो. गेली 21 वर्षे मी पुण्यात डेटाबेस प्रशासक (डीबीए), म्हणजे संगणकातला माहितीसाठा सांभाळणारी, म्हणून काम करते आहे. त्या ‘तांत्रिक अडचणी’च्या मागे काय असू शकते, याचा अंदाज आम्हा डीबीए मंडळींना बहुतेक वेळा असतो, पण ते आम्ही चहा घेताना एकमेकांना सांगतो आणि ते तिथेच राहते. या बोलण्याला अधिकृत कागदावर जागा मिळावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आम्ही वेगवेगळ्या कंपन्यांतले सात-आठ जण महिन्यातून एका शनिवारी सकाळी भेटतो. गप्पांचे विषय ठरलेले असतात. रात्री दोन वाजता आलेले फोन, शुक्रवारी संध्याकाळी घाईने केलेले रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सुरू करणे), हजार ओळींच्या चाचणी-डेटावर क्षणात उत्तर देणारी आणि प्रत्यक्षातल्या कोट्यवधी ओळींवर यंत्रणा खिळवून ठेवणारी एखादी क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणारी आज्ञा). सगळे मोकळेपणाने बोलतात, कारण समोरच्यालाही तोच अनुभव असतो. बॅकअप, म्हणजे माहितीची राखीव प्रत, रोज घेतला जातो, हे प्रत्येक जण ठामपणे सांगतो. मात्र त्या बॅकअपवरून डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभा करून शेवटचा कधी पाहिला, असे विचारले की बोलणे थांबते. कुणी म्हणतो, दोन वर्षांपूर्वी. कुणी म्हणतो, मी रुजू झाल्यापासून नाही.

मलाही हा प्रश्न अनुभवाने शिकवला. काही वर्षांपूर्वी मी ज्या ठिकाणी काम करत होते, तिथे बॅकअप कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा, ठेवला जाई, आणि रोज सकाळी ‘यशस्वी’ असा मेल येई. एके दिवशी मुख्य सर्व्हरच्या डिस्क गेल्या. बॅकअपच्या फाइली दुसरीकडे सुरक्षित होत्या, पण त्या उघडण्याचे प्रमाणपत्र, म्हणजे डिजिटल किल्ली, फक्त त्या बंद पडलेल्या सर्व्हरवरच होते. म्हणजे कुलूप शाबूत आणि किल्ली जळालेल्या घरात. सुदैवाने एका सहकाऱ्याने पूर्वी स्थलांतराच्या वेळी त्या प्रमाणपत्राची प्रत काढून ठेवली होती आणि ती तीन दिवसांनी सापडली. त्या तीन दिवसांत झोप कशी ती आली नाही. अहवालात मात्र ‘हार्डवेअरमधील बिघाड’ एवढेच लिहिले गेले, आणि त्या अहवालावर माझीही सही होती. ती सही मला आजही टोचते.

याउलट खरे ते जगासमोर मांडल्याचे एक उदाहरण आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. 31 जानेवारी 2017 च्या रात्री प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत डेटाबेसच्या दुय्यम सर्व्हरवरचे रेप्लिकेशन (मुख्य सर्व्हरची माहिती तिथे सतत उतरत राहणे) तुटले होते. दिवसभर थकलेल्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरची डेटा-डिरेक्टरी (माहितीचा फोल्डर) रिकामी करण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे 300 जीबीपैकी जेमतेम 4.5 जीबी उरले होते. आता बॅकअपकडे वळावे, तर रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम पोस्टग्रेस या डेटाबेस-सॉफ्टवेअरच्या 9.2 आवृत्तीचा आणि डेटाबेस 9.6 चा असल्याने बॅकअप होतच नव्हता. तो होत नसल्याचे इशारे देणारे मेल पाठवले जात होते, पण मेल-सर्व्हर ते नाकारत होता, त्यामुळे ते कुणापर्यंत पोहोचलेच नव्हते. डिस्कचे स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) इतर सर्व्हरसाठी चालू होते, डेटाबेससाठी नव्हते. सुरक्षेचे पाच उपाय कागदावर होते आणि त्यांतल्या एकावरही विसंबता आले नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. शेवटी कामी आला तो त्याच अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट. त्यावरून सेवा सुरू करायला 18 तासांहून अधिक लागले आणि मधल्या सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

ही घटना आम्ही पुन्हा पुन्हा आठवतो, ती त्या अभियंत्याच्या चुकीमुळे नव्हे. त्या कंपनीने दुरुस्तीचे काम चालू असतानाच त्या कामाची नोंदवही सर्वांना खुली केली, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केले आणि पुढे सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्या अहवालात प्रश्नामागून प्रश्न विचारत शेवटी ते ज्या उत्तरापर्यंत आले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. बॅकअप तपासून पाहण्याची जबाबदारी कुणा एकाची नव्हती, म्हणून ती कुणीच पार पाडली नाही. आमच्या शनिवारच्या गप्पांतही शेवटी नेमके हेच निघते. बॅकअप घेणारा विभाग वेगळा, डिस्क पुरवणारा वेगळा, सॉफ्टवेअर लिहिणारा ठेकेदार वेगळा. आणि सगळे मिळून परत उभे राहते का, हे पाहणारा कुणीच नाही. शिवाय अशा सरावाला मूळ डेटाबेसएवढी मोकळी जागा लागते, एक-दोन माणसांचा पूर्ण दिवस जातो आणि दिवसाअखेरीस दाखवण्यासारखे नवे काही हाती नसते. सर्वांत कमी दराच्या निविदेत हा खर्च धरलेला नसेल, तर तो पुढे कुणी मंजूर करत नाही.

बॅकअप उभा राहिला, तरी आत काय आहे हा प्रश्न उरतोच, आणि मराठी वाचकांशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे. आपली नावे देवनागरीत साठवताना यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक खुणेला तीन बाइट (साठवणुकीचे एकक) लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त या सगळ्या स्वतंत्र खुणा धरल्या जातात. ‘लक्ष्मीकांत’ हे नाव आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते. संगणकासाठी त्यात 11 खुणा, म्हणजे 33 बाइट असतात. ओरॅकल या डेटाबेसमध्ये वेगळे काही न सांगता 30 लांबीचा रकाना केला, तर ती लांबी बाइटमध्ये मोजली जाते आणि हे नाव त्यात मावत नाही. मग घाईत कुणीतरी नाव कापून भरण्याची सोय करतो. एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसवर युनिकोडसाठीचा (सर्व लिप्यांसाठीचा) रकाना किंवा मजकुराआधीची N ही खूण विसरली गेली, तर देवनागरी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे साठतात. ही प्रश्नचिन्हे पडद्यावरचा फाँट बदलून परत अक्षरे होत नाहीत. मूळ नाव गेलेले असते, आणि त्या रात्रीच्या बॅकअपमध्येही प्रश्नचिन्हेच जातात. चाचणी इंग्रजी नावे टाकून केलेली असते, म्हणून ती ‘पास’ होते. एखाद्या विधवेचे अनुदान नाव जुळत नाही म्हणून अडते, तेव्हा तिला कागदपत्रे घेऊन चार खेटे घालावे लागतात. रकान्याची लांबी ठरवणाऱ्याला तिचे नावही कळत नाही. आमच्या धंद्यातली ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागते.

बॅकअप शाबूत असला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर रॅन्समवेअरचा (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा) हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे 1.3 टीबी माहिती हल्लेखोरांनी कूटबद्ध केली आणि जवळजवळ दोन आठवडे नोंदणीसह अनेक कामे हाताने करावी लागली. नेटवर्कची विभागणी नीट नव्हती, हे सरकारने संसदेत मान्य केले. संसदेत असेही सांगितले गेले, की ई-हॉस्पिटल या रुग्णनोंदींच्या प्रणालीची सर्व माहिती हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाली. रुग्णांच्या नोंदी वाचल्या त्या या एका सर्व्हरमुळे. संसदेत प्रश्न विचारला गेला, म्हणून तुम्हाआम्हाला हे कळले. सायबर हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला कळवण्याचे बंधन 2022 पासून आहेच. पण डिस्क भरली, चुकीची आज्ञा दिली गेली, बॅकअप उघडला नाही, अशा साध्या कारणांनी यंत्रणा बंद पडते, तेव्हा नागरिकाला त्याचा कोणताही अहवाल मिळत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की लोकांची माहिती सांभाळणाऱ्या प्रत्येक शासकीय कार्यालयाने, सहकारी बँकेने आणि विद्यापीठाने तीन महिन्यांतून एकदा बॅकअपवरून डेटाबेस उभा करून पाहावा, त्यातली काही मराठी नावे मूळ कागदाशी ताडून पाहावीत आणि चाचणीची तारीख, लागलेला वेळ व ती करणाऱ्याचे पद आपल्या संकेतस्थळावर द्यावे. यात कोणतेही गुपित उघड होत नाही. सर्व्हर कुठे आहे, कोणती आवृत्ती आहे, हे सांगण्याची गरजच नाही. निविदेत या कामाचा स्वतंत्र खर्च धरावा. आणि चाचणी फसली तर ती तशीच नोंदवण्याची मुभा कर्मचाऱ्याला असावी. फसलेल्या चाचणीबद्दल नोटीस मिळणार असेल, तर पुढच्या प्रत्येक नोंदीत ‘यशस्वी’ हाच शब्द दिसेल, जसा तो आमच्याकडे रोज सकाळच्या मेलमध्ये दिसत असे.

आम्ही शनिवारी भेटणाऱ्या मंडळींनी आपापल्या ठिकाणी याची सुरुवात केली आहे. मागच्या दोन महिन्यांत पाच जणांनी चाचणी घेतली. त्यांतल्या दोघांचा बॅकअप पहिल्या खेपेला उभा राहिला नाही, आणि दोघांनीही ते वरिष्ठांना लेखी कळवले.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. यापुढे ‘सर्व्हर डाउन’ची बातमी करताना संबंधित अधिकाऱ्याला ‘यंत्रणा कधी सुरू होणार’ याच्या जोडीला ‘बॅकअपवरून डेटाबेस शेवटचा कधी उभा करून पाहिला होता’ हेही विचारावे आणि मिळालेले उत्तर तारखेसह छापावे.

आपली विश्वासू,
एक डेटाबेस प्रशासक, पुणे