आजीची आठवण कुठल्या जिल्ह्यात जमा करू?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातला शिक्षक. इंग्रजांना न जुमानता गावागावांत चाललेल्या प्रतिसरकारचं लढाऊ दल म्हणजे तुफान सेना; ७ जून १९४३ ला तिनं पगार नेणारी रेल्वेगाडी लुटली, ती जागा दाखवायला नववीची पोरं शेणोलीला नेली होती. एकानं विचारलं, "सर, हा तर सातारा जिल्हा. मग हे आपलं कसं?"

पोराचं चुकलं नाही. १९४९ साली जुना सातारा तोडून दक्षिण सातारा केला, १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र आणि तुफान सेनेचं कुंडल इकडं आलं. शेणोली, वडूज तिकडं राहिलं. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला इंग्रज सरकारच्या पोलिसांनी मोर्चावर गोळीबार केला, दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला. तेव्हा जिल्हा एक होता. आज कार्यक्रमपत्रिका दोन, पाहुणे दोन.

प्रतिसरकार म्हटलं की पोरांना आठवते ती खबऱ्यांच्या, गुंडांच्या तळपायावर मारलेली पत्री, ती शिक्षा तेवढी. गावचे तंटे गावातच मिटवणारी न्यायदान मंडळं, कमी खर्चाची गांधी लग्नं हे कुणी सांगितलेलंच नसतं. आणि पत्रीही नीट सांगावी. ज्यांच्या आजोबांना ती बसली, ती घरंही आमच्याच गावात आहेत. त्यांच्यातला एक जण १५ ऑगस्टला झेंडावंदनाला येतो, पण मागं, चिंचेखाली उभा राहतो. त्याच्या घरी काय सांगितलं जातं, हे मी आजवर विचारलेलं नाही. धीर झाला नाही, खरं सांगायचं तर.

माझी आजी रात्री भूमिगतांसाठी भाकरी थापायची आणि कडब्याच्या गंजीत ठेवून यायची. तुरुंगात गेली नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून कुठल्या यादीत नाव नाही. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई २०२१ साली गेल्या. आता उरलेत ते ऐकलेले लोक, तेही सत्तरीपुढचे.

साहेब, आणखी पुतळा नको. दोन्ही जिल्ह्यांसाठी मिळून एकच संग्रह करा. या माणसांचे आवाज टिपायला मोबाईल पुरतो, ते आम्ही शिक्षक करू. जपून ठेवायची जागा मात्र सरकारनंच द्यायला हवी.

आजीचं माहेर कराडकडचं, सासर इकडचं. तिच्याकडून ऐकलेलं मी दोन वह्यांत उतरवून ठेवलंय. त्या वह्या कुठल्या कचेरीत द्यायच्या, तेवढं कळवावं.

आपला नम्र,
एक शिक्षक, ता. पलूस, जि. सांगली