खुले पत्र: लक्ष्मी तलावाच्या काठावर कठडा कोण बांधणार?

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी आई सध्या अंथरुणाला खिळून आहे. उजवा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आत प्लेट बसवली. राधानगरी धरणाच्या लक्ष्मी तलावाच्या काठावर, लोकांनी उभं राहून पाणी बघावं म्हणून मुद्दाम बांधलेल्या जागी ती पडली. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. पण थोडक्यात लिहिलेले अर्ज कुठे जातात ते आता कळलं आहे.

आईचं माहेर भोगावतीकाठचं. त्यांच्या उसाला पाणी याच तलावाचं. ते पाणी जिथून येतं ती जागा आणि पाण्यातला शाहू महाराजांचा बेनझीर व्हिला लांबून तरी बघायचा, एवढी तिची इच्छा. आम्ही तिला घेऊन गेलो. त्या जागी लोखंडी कठडा होता, म्हणजे कधीकाळी असणार, कारण सिमेंटचे खांब अजून उभे आहेत आणि त्यांत पाइपांची भोकं आहेत. पाइप कुणीतरी कापून नेलेत. खाली जांभ्या दगडाची एक पायरी निखळलेली. आईनं आधारासाठी हात टाकला आणि तो हवेतच गेला.

फोनला रेंज नाही. स्ट्रेचर नाही. माहिती द्यायलासुद्धा माणूस नाही. जवळच्या धनगरवाड्यावरची पोरं गुरं सोडून पळत आली, घोंगडं पसरलं, चार कोपरे चौघांनी धरले आणि आईला वर गाडीपर्यंत आणलं. त्यांनी आमच्याकडून पाण्याचा घोटही घेतला नाही. सरकार त्या दिवशी मला दिसलं ते एवढंच: चार पोरं आणि एक घोंगडं. आणि त्या पोरांच्या वाड्यावर जायला धड रस्ता नाही.

नंतर तक्रार घेऊन मी एका कार्यालयात गेले. तिथे सांगितलं, पाणी आमचं, काठ आमचा नाही. दुसरीकडे गेले, तर झाडं आमची, बांधकाम आमचं नाही. तिसरीकडे ऐकलं की आमची हद्द डांबरी रस्त्यापर्यंत. मग माझी आई पडली ती कुणाच्या हद्दीत, हे मला तुम्ही सांगा. एकाही टेबलावर माझ्या अर्जाची पोच मिळाली नाही. साहेब मीटिंगला गेले आहेत, उद्या या, हे मात्र प्रत्येक ठिकाणी ऐकलं.

कठड्याचं, स्वच्छतागृहाचं आश्वासन त्या भागातल्या लोकांना कितीदा मिळालं आहे ते त्यांनाच विचारा. स्वच्छतागृह बांधलंही आहे. त्याला कुलूप आहे आणि कुलूप गंजलं आहे. बरोबरच्या बायकांनी काय करायचं? झाडाआड जायचं? गव्यांच्या जंगलात?

ही काही कोपऱ्यातली अनोळखी जागा नाही, मंत्रीमहोदय. 1958 साली दाजीपूरचं अभयारण्य जाहीर झालं, राज्यातलं सर्वांत जुनं म्हणून आपण ते मिरवतो. आज राधानगरी अभयारण्य या नावानं त्याचं क्षेत्र साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. 2012 मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली 39 ठिकाणं जागतिक वारशात घेतली, त्यात महाराष्ट्रातली चार आणि त्या चारांत राधानगरी. या वारशाचे फलक रस्त्याला लागलेत, गव्याचं तोंड मोठं करून. फलकापलीकडे काय केलं? बेनझीर व्हिला पाण्यात ढासळतो आहे. तो कुणी, कशासाठी बांधला हे सांगणारी चार ओळींची मराठी पाटीही मला काठावर दिसली नाही.

तुम्हाला हा तलाव फक्त पावसाळ्यात आठवतो. पाणी 347 फुटांवर गेलं, स्वयंचलित दरवाजा उघडला, 1428 क्युसेक सुटलं, की सगळी यंत्रणा जागी होते. खाली कोल्हापुरात पंचगंगा 39 फुटांवर आली की इशारा, 43 वर धोका. हे आकडे आम्हा कोल्हापूरकरांना तोंडपाठ आहेत, 2019 आणि 2021 ला ते आमच्या घरात शिरले आहेत. पूर ओसरला की तलावही विसरला जातो, आणि काठावरची माणसंही.

शाहू महाराजांनी हे धरण हाती घेतलं तेव्हा संस्थानाची तिजोरी काही भरलेली नव्हती. पैशाअभावी काम अर्ध्यावर थांबलं, पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर, 1950 च्या दशकात. पण दुष्काळ आणि प्लेग पाहिलेल्या राजानं डोंगरात पाणी अडवायचं ठरवलं, त्यासाठी गाव वसवलं, त्याला लेकीचं नाव दिलं. तलावाला राणीचं. आपल्या घरातली नावं दिली, कारण ते काम त्यांना आपलं वाटत होतं. तुमच्या प्रत्येक भाषणाची सुरुवात शाहू-फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रानं होते. त्या शाहूंच्या तलावावर दोन पाइप बसवायला कुणाची सही लागते? कोट्यवधींच्या आराखड्यांची घोषणा करायला तुम्हाला सही सापडते. महोत्सवाचे मंडप एका रात्रीत उभे राहतात. आमदार फोडायला रात्रीत विमानं मिळतात. आणि म्हातारीच्या हाताखाली एक लोखंडी नळी द्यायला या राज्याकडे खातं नाही!

मला भरपाई नको. दवाखान्याचं बिल आम्ही कर्ज काढून भरलं, तेही फेडू. मला त्या काठावर कठडा हवा आणि तो कुणाच्या ताब्यात राहणार त्याची पाटी त्याच खांबावर हवी. स्वच्छतागृह उघडं आणि पाण्यासकट हवं. प्रथमोपचाराची पेटी आणि स्ट्रेचर ठेवा, त्यावर धनगरवाड्यावरच्या त्याच पोरांना पगार देऊन नेमा. जंगलातल्या सावराईच्या सड्यापर्यंतची, त्या कातळी पठारापर्यंतची एकेक वाट त्यांना माहीत आहे, बाहेरचा ठेकेदार आणू नका. आणि त्यांच्या वाड्याला रस्ता द्या, ही मागणी खरं तर सगळ्यांत वर लिहायला हवी होती.

उत्तर लेखी पाठवा. "संबंधितांना सूचना दिल्या आहेत" हे वाक्य त्यात नको. खात्याचं नाव, अधिकाऱ्याचा हुद्दा आणि काम पुरं होण्याची तारीख लिहा.

आपली,
कोल्हापूरची एक नागरिक