सगळ्या पित्ताच्या गोळ्या सारख्या नसतात

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी केज तालुक्यात एका बाजाराच्या गावी मेडिकल चालवतो, २० वर्षं होत आली आता. मागं तुमच्या पुरवणीत पित्तावरचे उपाय आले होते, कोकमाचं सरबत, थंड दूध, बडीशेप असं सगळं, त्यात वाईट काही नव्हतं, पण शेवटी एक ओळ होती की त्रास जास्त असेल तर पित्ताची गोळी घ्यावी. कोणती गोळी ते लिहिलंच नव्हतं. सगळा घोळ तिथंच आहे, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय पण जागा द्या.

सकाळी शटर वर केलं की पहिल्या पाच-सात गिऱ्हाइकात एकजण तरी गॅसची नाहीतर पित्ताची गोळी मागणारा असतोच. कुणी डायजिन म्हणतं, कुणी इनो, कुणी रॅनटॅक, कुणी पॅन-डी, आणि मागितलेली नसली तर "दुसरी द्या की, सारख्याच असत्यात". सारख्या नसतात हो.

डायजिन, जेल्युसिल, इनो ही औषधं पोटात आधीच झालेलं ॲसिड मारतात, बस एवढंच. पाच-दहा मिनिटात बरं वाटतं पण रिकाम्या पोटी घेतलं तर अर्धा-एक तासात परत आग चालू. जेवणानंतर घेतलं तर जरा जास्त टिकतं. कधीमधी लग्नात जास्त खाणं झालं तर ठीक आहे. पण इनोमधे सोडा असतो, सोडा म्हणजे सोडियम, बीपीवाल्या माणसानं ते रोज सरबतासारखं पिऊ नये. आणि बायकांना रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असते, तिच्या जोडीला हे पातळ औषध घेतलं तर लोह अंगी लागतच नाही नीट, दोघात दोन तासांचं तरी अंतर पाहिजे.

दुसरी जात रॅनिटिडीन (रॅनटॅक म्हणजे हीच), फॅमोटिडीनची. ॲसिड तयार करा असा जो निरोप पोटाला मिळतो तो या गोळ्या अडवतात. या जातीचं पहिलं औषध सिमेटिडीन, १९७६ ला इंग्लंडमधे बाजारात आलं, त्यामागचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांना १९८८ ला नोबेल मिळालं. त्याच्या आधी अल्सर, म्हणजे पोटाच्या अस्तराला पडलेली जखम, बळावला की पोट फाडायचं ऑपरेशन ठरलेलं असायचं. रात्री छातीत जळजळ होते त्यांना ही गोळी अजूनही चांगली, पण रोज घेत गेलं तर दोनेक आठवड्यात अंगवळणी पडते आणि असर कमी होतो. त्यात रॅनिटिडीनमधे २०१९ ला एनडीएमए नावाचं द्रव्य सापडलं, कॅन्सरची शंका असलेलं, अमेरिकेनं एप्रिल २०२० मधे ती बाजारातून काढायला लावली आणि आपल्या सरकारनंही २०२२ च्या आवश्यक औषधांच्या यादीतून तिला वगळलं. आमच्याकडं मात्र आजही नाव घेऊन मागतात. मी आता फॅमोटिडीनबद्दल डॉक्टरला विचारा म्हणून सांगतो.

तिसरी जात ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोलची (लोक पॅन म्हणतात ती), हीच आता सगळ्यात जास्त खपते. पोटाच्या अस्तरात ॲसिड सोडणारे बारीक पंप असतात, ते ही गोळी बंदच करते, म्हणून अल्सर भरायला हिच्या तोडीचं औषध नाही. पण ते पंप जागे होतात जेवण आलं की, आणि गोळी तेव्हा रक्तात पोचलेली पाहिजे, म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. दहातले निम्मे लोक जेवून पाणी पिताना घेतात आणि मग म्हणतात पॅन लागू पडत नाही. पूर्ण असर यायलाही तीन-चार दिवस लागतात, एका गोळीत फरक नाही पडला म्हणून दुसऱ्या दिवशी कंपनी बदलायची नसते.

आता जे सांगायचंय ते माझ्या मावशीचं आहे.

मावशी आणि काका १५-१६ वर्षं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळी निघते ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, कोपीतच, पाचटाच्या झोपडीत. पहाटे फडात, डोक्यावर मोळ्या, सकाळी घास पोटात नाही, कमरेला कळ आली की डायक्लोफिनॅकची गोळी. या दुखण्याच्या गोळ्या कळ थांबवतात पण पोटाच्या अस्तराला जे संरक्षण असतं ते पण काढून घेतात. मावशीला कुणीतरी सांगितलेलं की दुखण्याच्या गोळीबरोबर पित्ताची खावी, ती डायजिन चघळायची. आग थांबायची म्हणून तिला वाटायचं पोट संभाळलं. पण डायजिननं आग कळायची बंद होते, आतली जखम थांबत नाही. दुखण्याची गोळी घ्यावीच लागत असेल तर पोट राखायचं काम पॅन्टोप्रॅझोलच्या जातीची गोळी करते, डायजिन नाही. दोन्ही गोळ्या, जायच्या आधी, पाकीटभर, माझ्याच दुकानातून गेल्या होत्या. मी तिला एवढं एक वाक्य बोललो नाही, ते मला आजही लागतं.

परत आली तेव्हा चेहरा पिवळा पडलेला, चार पावलं चालली की दम. आईनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "शी डांबरावानी काळी व्हतीय, पंधरा दिस झालं, लाजंनं सांगितलं न्हाई." डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे वर पोटात रक्त वाहतंय, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. त्याच दिवशी गाडी करून नेली, रक्त चढवलं, दुर्बीण टाकली, जठरात अल्सर निघाला. दुर्बिणीतून तुकडा घेऊन तपासला तर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूपण निघाला.

या जंतूबद्दल आपल्याकडं कुणी बोलतच नाही. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात वॉरन आणि मार्शल या दोन डॉक्टरांनी १९८२ ला तो वाढवून दाखवला, लोकांचा विश्वास बसेना कारण सगळे म्हणायचे अल्सर टेन्शननं आणि तिखटानं होतो, म्हणून १९८४ ला मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन पाहिला आणि त्यांच्या पोटाला सूज आली. २००५ ला दोघांना नोबेल मिळालं. आणि अजूनपण आमच्याकडं अल्सरच्या पेशंटला ठेचा बंद कर म्हणतात आणि जंतूची तपासणी होत नाही. ठेच्यानं आग होते, खरं आहे, पण अल्सर तो करत नाही.

जंतू असेल तर नुसत्या पॅननं अल्सर भरतो आणि गोळी थांबली की वर्षाच्या आत निम्म्याहून जास्त लोकांना परत उठतो, जंतू मारला तर क्वचितच. त्यासाठी ॲसिडची गोळी आणि जोडीला दोन अँटिबायोटिक, मावशीला अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन होतं, सकाळ-संध्याकाळ १४ दिवस. तोंड कडू पडायचं, पाचव्या दिवशी म्हणाली आता बरं वाटतंय, बंद करते. मी रोज जाऊन समोर बसून गोळ्या दिल्या. अर्धवट सोडला तर जंतू मुरतो आणि पुढच्या वेळी तेच औषध चालत नाही, आपल्या देशात हे आधीच लई झालेलं आहे. कोर्स संपल्यावर महिनाभरानं शीची तपासणी केली, जंतू गेलेला. त्या तपासणीआधी दोन आठवडे पॅन बंद ठेवावी लागते नाहीतर जंतू असून दिसत नाही, हे पण पेशंटला कुणी सांगत नाही.

अजून एक, पॅनसारख्या गोळीत लेव्होसल्पिराइड मिसळलेल्या कॅप्सूल येतात, गॅसला म्हणून सर्रास देतात. आमच्या गल्लीतले एक आजोबा वर्षभर त्या खात होते, जुनी चिठ्ठी दाखवून नेत होते. हळूहळू चहाची बशी हातात वाजायला लागली, चाल बारीक झाली, घरच्यांना वाटलं कंपवात. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली आणि तीन-चार महिन्यात बशी वाजायची थांबली. म्हणून एकाच चिठ्ठीवर वर्षवर्ष गोळी नेऊ नका. साधी पॅनसुद्धा वर्षानुवर्षं खाल्ली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आणि एकदम सोडली तर काही दिवस ॲसिड उलट जास्त सुटतं, माणसाला वाटतं गोळीशिवाय जमतच नाही. डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करा. हृदयाच्या पेशंटनं तर मनानं काहीच बदलू नये, क्लोपिडोग्रेल चालू असताना ओमेप्रॅझोल घेतलं तर रक्त पातळ ठेवायचा असर कमी होतो.

आणि घाम येऊन छाती भरून आली, कळ हातात नाहीतर जबड्यात गेली तर पित्त समजून इनो पीत बसू नका, आधी ईसीजी काढा.

माझं मागणं मोठं नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मराठीत लिहावं, जेवणाआधी अर्धा तास आणि किती दिवस. आमच्या दुकानदार भावांनी दुखण्याची गोळी देताना काळ्या शीबद्दल एक वाक्य बोलावं, मग गिऱ्हाईक हसलं तरी चालेल. आणि आरोग्य खात्यानं दसऱ्याच्या आधी, टोळ्या गावात आहेत तोवर, ज्यांना पोटाचा जुना त्रास आहे अशा ऊसतोड कामगारांची हिमोग्लोबिन आणि शीची तपासणी गावातच करावी, एकदा ट्रॅक्टर हलला की पुढं पाच-सहा महिने कुणी कुणाला सापडत नाही.

मावशी यंदा पण जायचं म्हणतेय, उचल घेतलेली आहे. तिच्या पिशवीत डायक्लोफिनॅक जाणार नाही एवढं मी बघतोय, कमरेला पॅरासिटामॉल आणि शेकायची पिशवी बांधून ठेवलीय.

आपला,
एक औषध दुकानदार
ता. केज, जि. बीड