पेपर नेमका किती वाजता फुटला?

मा. संपादक,
स. न.

दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू झाल्या की 'पेपर फुटला' ही बातमी दोन-चारदा तरी येते. त्यात गाव असते, विषय असतो, 'चौकशी करून कारवाई करू' हे अधिकाऱ्यांचे वाक्य असते. वेळ मात्र बहुधा नसते. पेपर सकाळी अकराला सुरू होतो; फोटो १०.३५ चा की ११.२० चा, यावरच तर सगळे ठरते. अकरानंतर बाहेर आलेले पान हा कॉपी पुरवण्याचा उद्योग. गुन्हा आहेच, पण तो एका दालनाचा, एका पर्यवेक्षकाचा, फार तर एका उघड्या खिडकीचा. अकराच्या आधी आलेले पान ही खरी पेपरफुटी, आणि तिचा माग दालनाच्या बाहेर काढावा लागतो.

हा माग काढणे अवघड का, हे कळायला प्रश्नपत्रिकेचा प्रवास पाहावा लागेल. परिरक्षक केंद्रातून, म्हणजे जिथे प्रश्नपत्रिकांचा साठा जपून ठेवलेला असतो तिथून, त्या दिवसाची सीलबंद पाकिटे सहायक परिरक्षक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला 'रनर', परीक्षा केंद्रावर आणतो. केंद्र संचालक सील तपासून ती ताब्यात घेतात. एका दालनात २५ विद्यार्थी, म्हणून २५ प्रश्नपत्रिकांचे पाकीट. ते दालनातच विद्यार्थ्यांसमोर फोडायचे आणि त्यावर दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घ्यायच्या. चारशे विद्यार्थ्यांचे केंद्र असेल तर सोळा दालने, सोळा पाकिटे. कागदावर यात कुठे फट दिसत नाही.

फट पडते ती आकडे जुळेनासे झाले की. सेमी-इंग्रजीमुळे गणित-विज्ञानाला एकाच दालनात १४ मुले मराठी माध्यमाची आणि ११ इंग्रजीची बसतात. शेवटच्या दालनात सातच उरतात. मग एखादे पाकीट कार्यालयातच फोडून जुळवाजुळव होते. एक जण मोजतो, दुसरा गठ्ठे करतो, लिपिक यादी धरून बसतो, शिपाई आत-बाहेर करतो. घात होतो तो या टेबलावर. पूर्वी पेपर फोडायचा तर एक प्रत पळवावी लागे आणि मोजणीत ती कमी भरे. आता चार पानांचे फोटो काढायला अर्धे मिनिटही लागत नाही. गठ्ठा पूर्ण, मोजणी बरोबर, सह्या जागच्या जागी आणि पेपर मात्र गावभर! अकराच्या दहा मिनिटे आधी प्रश्नपत्रिका वाचायला देण्याची सवलत मंडळाने २०२३ मध्ये काढून घेतली आणि ती दहा मिनिटे शेवटी जोडून दिली, हे योग्यच झाले. पण ती उपाययोजना दालनातली होती. त्याच वर्षी ३ मार्चला बारावीच्या गणिताची पाने बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यात परीक्षेच्या सुमारे अर्धा तास आधी मोबाइलवर फिरली. दालनात पेपर पोहोचायचा होता तेव्हा.

आपल्याकडे दर घटनेनंतर कुलपे वाढतात. जीपीएस, सीसीटीव्ही, बैठे पथक, भरारी पथक. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या पेट्यांना तर डिजिटल कुलूप होते. ५ मे २०२४ ला झारखंडमधल्या हजारीबागच्या एका केंद्रावर, सीबीआयच्या म्हणण्यानुसार, सकाळीच पेटी अवजारांनी उघडून पानांचे फोटो काढले गेले आणि पेटी पुन्हा होती तशी बंद केली गेली. परीक्षा दुपारी दोनला होती. हा माग लागला तो कुलपामुळे नव्हे. पाटण्यात अर्धवट जळालेली प्रश्नपत्रिका सापडली, तिच्यावर अनुक्रमांक शिल्लक होता आणि तो त्या केंद्राशी जुळला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने फूट हजारीबाग आणि पाटण्याची, देशभराची नव्हे, असे मानून २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा नाकारली.

म्हणून पहिली मागणी खुणेची. राज्यभर सगळ्या प्रती हुबेहूब असतील तर फोटो कोणत्या केंद्रावरचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. विद्यार्थी प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहितो, पण हातात पडल्यावर; फोटो काढणाऱ्याला कोरी प्रत मिळते. निदान केंद्रनिहाय संकेतांक तरी छापावा, आणि तो प्रत्येक पानावर, प्रश्नांच्या मजकुरामागून जाणारा. कोपऱ्यातला क्रमांक बोटाखाली झाकला जातो किंवा कापून टाकता येतो. फार फिका छापला तर झेरॉक्समध्ये उडतो. छपाईचा खर्च वाढेल, पाकिटे केंद्रनिहाय वेगळी ठेवण्याची कटकट वाढेल, हे खरे. पण पाकिटे नाहीतरी केंद्रनिहायच जातात.

खुणेची मर्यादाही सांगायला हवी. २०१८ मध्ये सीबीएसईच्या बारावी अर्थशास्त्राचा पेपर फुटला तो हाताने उतरवलेला होता. दिल्ली पोलिसांच्या तपासानुसार हिमाचलमधल्या ऊना येथे बँकेतून दुसऱ्या विषयाची पाकिटे आणताना अर्थशास्त्राचेही पाकीट उचलले गेले, तेही तीन दिवस आधी. हाताने लिहिलेल्या पानावर कसली खूण? देशभरच्या मुलांना २५ एप्रिलला पुन्हा पेपर द्यावा लागला. तेव्हा एका दिवशी एकाच दिवसाचा साठा बाहेर निघेल अशी मांडणी हवी: दर दिवसाची पेटी वेगळी, तिच्या कुलपाची किल्ली वेगळी. पेपर काढणाराच फितूर असेल तर मात्र ना कुलूप कामाचे ना खूण. २०२१ च्या आरोग्य विभाग भरतीत पुणे पोलिसांना खात्यातल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक करावी लागली होती.

केंद्रावर आजही, एक पैसा न खर्चता, करता येण्यासारखे बरेच आहे. कार्यालयात पाकीट फोडावेच लागले तर फोडल्याची वेळ पाकिटावरच लिहावी आणि त्या क्षणी खोलीत असलेल्या प्रत्येकाने सही करावी, शिपायानेसुद्धा. पाकीट फोडण्याआधी सगळे मोबाइल एका टोपलीत, खोलीबाहेर. केंद्र संचालकांना संपर्क लागतो, त्यांना साधा बटणांचा फोन पुरतो. गैरहजर मुलांच्या उरलेल्या प्रती सव्वाअकराच्या आत मोजून पुन्हा सीलबंद कराव्यात. एरवी त्या टेबलावर उघड्या पडून असतात.

आणि पालकांसाठी, वार्ताहरांसाठीही: असा फोटो आला तर पुढे पाठवू नका, पण पुसूही नका. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो आकुंचन पावतो आणि त्यातली मूळ वेळ, कॅमेऱ्याची नोंद निघून जाते. स्क्रीनशॉट तर त्याहून निरुपयोगी. पोलिसांना उपयोगी पडतो तो मूळ संदेश, ज्या फोनवर आला त्या फोनसह, कोणाकडून आणि किती वाजता हे दिसेल असा. आपल्या वार्ताहरांनीही तोच आधी पाहावा, वेळ टिपून घ्यावी आणि बातमीच्या पहिल्या ओळीत छापावी.

आपला,
एक निवृत्त केंद्र संचालक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये)