गालिचा काढून ठेवलाय, रागावू नका

तीर्थरूप आई-बाबांना सा. न.

सुखरूप पोहोचले. आजीचा गालिचा मी गुंडाळून ठेवलाय, हे एव्हाना कळलं असेलच. आई, विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि तू नको म्हणालीस की माझ्याच्याने पुढे बोलवत नाही. म्हणून न विचारता केलं. टाकला नाही गं, जुन्या चादरीत नीट बांधून कपाटावर ठेवलाय. आधी त्याच्या कडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने फरशीला बसवून पाहिल्या होत्या. पण झिजून वर वळलेला तो कोपरा दोन दिवसांत पुन्हा उचलला. त्या रात्री बाबा भिंतीला धरून कसे उभे होते, ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

दिव्याची वायर भिंतीलगत नेऊन डक्ट टेपने, म्हणजे जाड कापडी चिकटपट्टीने, फरशीला सपाट चिकटवली आहे. मोरीच्या पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लावलीय. आई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनपर्यंत तीच बघून पाय टाक. बाबा, तुमच्या काठीच्या मुठीवर पट्टीचे चार वेढे दिलेत, आता मूठ जाड झाली, बोटं कमी दुखतील. माझ्या बॅटचा दांडा तुम्ही असाच गुंडाळून द्यायचात, आणि शेवटचं टोक माझ्या अंगठ्याने दाबून घ्यायचात. तुमच्या काठीचं टोक मी दाबलं, तेव्हा तुम्ही झोपला होतात.

डक्ट टेपचा रोल डाव्या खणात आहे. त्याचं टोक बोटभर दुमडून ठेवलंय, म्हणजे नखाने शोधत बसायला नको. दर वेळी तसंच दुमडा. फाडायला कात्री लागत नाही, आत विणलेलं कापड असतं, हाताने सरळ आडवी फाटते. लावायची जागा आधी पुसून पूर्ण कोरडी करा. धुळीवर किंवा ओलीवर ती धरत नाही. कोपरे मात्र कात्रीने गोल कापले तर लवकर सुटत नाहीत.

बाबा, ही पट्टी कशी आली माहितीय? 1943 साली अमेरिकेत दारूगोळ्याच्या कारखान्यात व्हेस्टा स्टाउट नावाची बाई काम करायची. काडतुसांच्या खोक्यांवरची कागदी पट्टी ओढली की तुटायची. तिची दोन मुलं नौदलात होती. ऐन लढाईत खोकं उघडलं नाही तर पोरांचं काय होईल, या काळजीने तिने थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं, आकृती काढून कापडी पट्टी सुचवली. आईने मुलांसाठी लिहिलं होतं, आज मी तुमच्यासाठी लिहितेय.

आता ऐका. सोललेल्या वायरवर ही पट्टी अजिबात लावायची नाही. बटण बंद करा आणि वायरमनला बोलवा. गरम पाण्याच्या पाइपवरही नको, उष्णतेने गोंद सुटतो. आणि बाबा, खरचटलं की हाताशी आली ती पट्टी लावायची सवय सोडा. या वयात कातडी पातळ झालेली असते, काढताना सोलून निघेल. औषधाच्या डब्यात मऊ कागदी पट्टी ठेवलीय, ती वापरा.

कुठे कड सुटलेली दिसली तर खाली वाकू नका. मला फोन करा, मी शेजारच्या काकांना सांगून ठेवलंय. आणि आई, गालिचा बघायला स्टुलावर चढू नकोस. पुढच्या खेपेला आले की मीच खाली काढेन, आपण दोघी कॉटवर पसरून बघू.

तुमची,
छोटी